दुसरी वायर

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ही बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेलच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती संपली, खेळ खलास. त्या दिवशी सकाळपासून मला सात फोन आले. पुण्याहून मुलाचा, संभाजीनगरहून मेहुण्यांचा, नांदेडहून दोन जुन्या सहकाऱ्यांचे... सगळ्यांचा सूर एकच, "आता तरी तुमची ती काढून टाका." जणू मुंबईतली गेली म्हणून डोंगरकड्याच्या पद्मिनीनेही सती जायला पाहिजे!

आमची पद्मिनी १९९१ ची. मी घेतली १९९९ साली, सेकंडहँड, नांदेडच्या एका वकिलांकडून. त्या वर्षी १ मे ला आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला आणि त्याच वर्षी पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात पडली. जिल्ह्याला स्वतःचा कलेक्टर मिळाला आणि मला स्वतःची गाडी. रंग मूळचा पांढरा. आता दुधात चहा सांडल्यासारखा दिसतो, ते सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास (मास्तर आहे, राहवत नाही). सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना होता. इटलीची फियाट ११०० ही गाडी तिथे १९६४ पासून 'डिलाईट' नावाने निघू लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. आमच्याकडे अजूनही पोरं ओरडतात, "सरची फियाट आली!"

तर आजचा विषय ही गाडी नाही. गाडीतली एक अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. समोरच्या काचेवर पाणी उडवणारा पंप. मुठीत मावेल एवढा. हा पंप बंद पडला म्हणून कोणी गाडी गॅरेजला नेत नाही. मीही नेली नव्हती. पावसाळ्यापासून तो बंद होता आणि मी म्हणत होतो, नुसतं पाणीच तर उडवतो, घरून निघताना फडकं मारलं की झालं. पाच महिने मी असंच म्हणत होतो.

नोव्हेंबर संपत आला होता. अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि कारखान्याला ऊस चालू होता. आम्ही दोघं नांदेडहून परत येत होतो, एका भाच्याच्या साखरपुड्याहून. अर्धापूर मागे पडलं तेव्हा चांगला अंधार झाला होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या चाकांनी शेतातून ओढून आणलेला काळा चिखल. आमच्या भागातली काळी माती ओली झाली की कशी होते हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. शेजारून एक ट्रक गेला आणि बादलीभर चिखल काचेवर आदळला.

मी सवयीने वायपर लावला. तीच चूक झाली. पाणी नसताना वायपर काच पुसत नाही, सारवतो. दोन फेऱ्यांत अख्खी काच अंगण सारवावं तशी सारवली गेली. वॉशरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश त्या चिखलावर पडला आणि काच म्हणजे एक पिवळी भिंत झाली. मी वेग कमी केला, पण थांबलो नाही. मागून कोणी येऊन धडकेल ही भीती. बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहावं म्हणून मी काच खाली करू लागलो, तेवढ्यात ही ओरडली, "अहो, समोर!"

समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता. मागे दिवा नाही, लाल चिंधीसुद्धा नाही. तिच्या बाजूला काचेचा एक कोपरा वायपरच्या आवाक्याबाहेर असल्याने स्वच्छ राहिला होता, त्यातून तिला उसाची वाढी दिसली. मी ब्रेक दाबला तो दोन्ही पायांनी. गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी बॉनेटवर टेकली होती. आवाजही झाला नाही, नुसती पानं खरखरली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही, तो तसाच पुढे निघून गेला.

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग हिने पिण्याच्या पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मला वाटलं, पी म्हणते. ती म्हणाली, "काच धुवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतल्याबरोबर मी बॉनेट उघडलं.

या पंपाचाही थोडा इतिहास सांगायला हवा. मी घेतली तेव्हा या गाडीत पाणी उडवायला वीज लागत नव्हती. डॅशबोर्डवर एक रबरी फुगा होता, तो अंगठ्याने दाबायचा, की काचेवर पिचकारी. होळीतल्या पिचकारीसारखंच तंत्र. आत एकेरी व्हॉल्व्ह, पाणी पुढे जातं, मागे येत नाही. रबर वाळून तडकलं तेव्हा तसा फुगा कुठे मिळेना. मग २००५ च्या सुमारास एका मेकॅनिकने प्लास्टिकची टाकी आणि बारा व्होल्टचा छोटा पंप बसवून दिला, डॅशबोर्डवर एक बटण लावलं. पंपात काही विशेष नसतं. एक लहान मोटर, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा पंखा. पंखा फिरला की टाकीतलं पाणी बाहेर फेकलं जातं, नळीतून वर चढतं आणि बॉनेटजवळच्या दोन जेटांतून काचेवर पडतं.

आता हे बिघडतं कसं? मी मास्तरी पद्धतीने पाण्याच्या बाजूने तपासायला सुरुवात केली, जेटपासून उलट मागे. जेटाची भोकं पांढरी झालेली. आमच्या बोअरचं पाणी क्षारांचं, चहाच्या पातेल्याला थर धरतो तोच इथे धरलेला. हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन भोकं मोकळी केली. (सुईचं टोक मोडलं. ते प्रकरण वेगळं आहे.) मग नळी. बॉनेट उघडतं-मिटतं तिथे नळी दुमडून चिरली होती, तेवढा तुकडा कापून नवी जोडली. मग टाकी. टाकीत विहिरीच्या पायरीवर असतं तसं हिरवं शेवाळ. ती काढून धुतली, उन्हात वाळवली, साधं स्वच्छ पाणी भरलं. नळीत तोंडाने फुंकर घातली, दोन्ही जेटांतून हवा आली. म्हणजे वाट मोकळी.

बटण दाबलं. पंपातून अगदी बारीक, आजारी माणसासारखा आवाज आला. पाणी नाही.

म्हणजे आता विजेची बाजू. माझ्याकडे मल्टीमीटर आहे. नातवाला विज्ञान शिकवावं म्हणून मीच घेतला होता. पंपाची पिन उपसली, मीटरच्या दोन्ही सुया तिच्या दोन टोकांना लावल्या, हिला बटण दाबायला सांगितलं. मीटरवर आकडा आला १२.४. मी खूश. वीज पुरी येते आहे. म्हणजे फ्यूज ठीक, बटण ठीक, वायर ठीक. मग गुन्हेगार एकच उरतो. पंप जळालेला. शेरलॉक होम्सच्या थाटात मी हिला निकाल सांगितला आणि एसटीने नांदेडला जाऊन अडीचशे रुपयांचा नवा पंप घेऊन आलो.

नवा पंप बसवला. बटण दाबलं. तोच आवाज. तोच आजारी माणूस.

इथे माझं ज्ञान संपलं.

वारंगा फाट्यावर एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी, सातवीपर्यंत माझ्या हाताखाली होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. पन्नाशी जवळ आलेली, केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे. रविवारी सकाळी गाडी घेऊन गेलो. त्याने पोराकरवी खुर्ची पुसून घेतली, चहा सांगितला आणि मी सगळी हकीगत सांगेपर्यंत मुकाट्याने ऐकून घेतलं. १२.४ चा आकडा मी जरा जोर देऊनच सांगितला.

त्याने मीटर मागितला नाही. भिंतीवरच्या खिळ्याला एक जुना बल्ब लटकत होता, त्याला दोन वायरी. तो घेतला, पंपाची पिन काढून तिथे बल्ब लावला आणि म्हणाला, "सर, दाबा."

बल्ब लागला. पण कसा? पहाटे घासलेट संपत आलेल्या कंदिलासारखा. नुसती तार लाल झालेली.

मग त्याने बल्बची एक वायर तिथेच ठेवली आणि दुसरी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली. "आता दाबा." लख्ख! दिवसा डोळ्यावर यावा एवढा उजेड.

"मीटरला काय सर, नुसतं बघायचं असतंय," तो म्हणाला. "बल्बला काम करावं लागतंय. वायर गंजली तरी मीटरला पुरे व्होल्ट दिसतेत. करंट वढायला लागलं की मग कळतंय."

मित्रहो, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून थोडं थांबतो. मल्टीमीटरमधून जवळजवळ वीज वाहतच नाही. त्यामुळे रस्त्यात गंज असला, सांधा कच्चा असला, तरी त्याला अडथळा जाणवत नाही, तो आपला १२.४ दाखवून मोकळा होतो. पंपाला मात्र दोन-तीन अँपिअर लागतात. एवढी वीज त्या गंजलेल्या सांध्यातून जायला लागली की बरेचसे व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि पंपाच्या वाट्याला तीन-चार उरतात. तेवढ्यात मोटर कण्हते, पाणी चढवत नाही. ज्याच्यावर कामच टाकलेलं नाही, त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नये. मी पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या, हे मला कळायला हवं होतं.

मिस्त्री गाडीखाली वाकला. पंपाची दुसरी वायर, म्हणजे निगेटिव्हची, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली दाबलेली होती. दोन वर्षांपूर्वी मी गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. पेंटरने स्क्रू काढला, पत्र्याला छान रंग दिला आणि रंगावरच स्क्रू परत पिळला. रंगातून वीज जात नाही. काही महिने स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम चाललं, मग पावसाळ्यात तिथे गंज धरला. दिसायला सगळं जिथल्या तिथे. वायर तुटलेली नाही, स्क्रू ढिला नाही.

"अर्थिंग गेली सर. पंप चांगला हाय."

आणि पॉलिश पेपरने तो पत्रा घासता घासता, अगदी सहज, पोराला सांगावं तसं तो मला सांगू लागला. "गाडीत प्रत्येक वस्तूला दोन वायरी नसत्यात सर. एक जाते, आन परत यायला सगळा पत्राच वायर. बॅटरीची निगेटिव्ह पत्र्यालाच बांधलेली असती. म्हून जिथं पत्रा खराब, तिथं..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता.

साल मला नक्की आठवतं, १९८६. शाळेला विज्ञानाचे शिक्षक नव्हते. मी बी.ए., मराठी आणि इतिहासवाला. मुख्याध्यापक म्हणाले, एखादं वर्ष सांभाळून घ्या. ते एखादं वर्ष पाच वर्षं चाललं. सातवीला विद्युत मंडलाचा धडा होता. मी आदल्या रात्री तो वाचला, सकाळी फळ्यावर रंगीत खडूने सेल काढला, बल्ब काढला, एक वायर जाणारी, एक परत येणारी. खाली लिहिलं, 'मंडल पूर्ण असल्याशिवाय वीज वाहत नाही.' शाळेत ना सेल होता ना बल्ब. असता तरी मला जोडता आला नसता, हे कबूल करतो.

शेवटच्या बाकावरून एका पोराने हात वर केला. "सर, सायकलच्या डायनॅमोला एकच वायर असती. मग दिवा कसा लागतो? दुसरी वायर कुठं असती?"

वर्ग हसला. मला वाटलं, हा मला अडकवतो आहे. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या सायकलला डायनॅमो होता, रोज रात्री मी तो लावून फिरायचो, पण त्याला वायरी किती आहेत हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं बघ. जास्त शहाणपणा नको." आणि त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं.

मी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकलो. नरहर कुरुंदकर तिथे शिकवत होते त्या काळात. त्या कॉलेजातून मी १९७२ साली पदवी घेऊन बाहेर पडलो आणि चौदा वर्षांनी प्रश्न विचारणाऱ्या पोराला बाकावर उभं करत होतो. अज्ञानाची लाज नाही वाटत मला. मास्तरला सगळंच कसं येणार? 'मला माहीत नाही, उद्या पाहून सांगतो' एवढं एक वाक्य लागत होतं. तेही नाही, तर सायकल मैदानावरच उभी होती. वर्ग बाहेर काढून सगळ्यांनी मिळून पाहिली असती, तर उत्तर दहा मिनिटांत सापडलं असतं. सायकलची चौकटच दुसरी वायर असते. डायनॅमोच्या पकडीला एक टोकदार स्क्रू असतो, तो चौकटीचा रंग फोडून लोखंडात रुततो, तो त्याचसाठी. रंग फोडायला!

ते पोर म्हणजेच हा मिस्त्री.

पत्रा चकचकीत घासून झाला होता. त्याने वायरीचं टोक घासलं, खाली दात्यांचा वायसर घातला, स्क्रू आवळला, वरून बोटभर ग्रीस लावलं, पाणी लागू नये म्हणून. "दाबा सर." पंप खणखणीत आवाजाने फिरला. पण काचेवर पाणी आलं ते कसं, म्हाताऱ्या माणसाच्या लघवीसारखं. (लेखात हे लिहू नका असं ही म्हणाली होती. पण दुसरी उपमा सापडली नाही.) मिस्त्रीने कान लावून ऐकलं, हसला, आणि पंपाच्या दोन पिना उलटसुलट केल्या. नवा पंप बसवताना मी प्लस-मायनस उलटे जोडले होते. मोटर उलटी फिरत होती. पंखा उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतोच, म्हणून फसायला होतं. पुढच्या खेपेला पिचकारी थेट काचेवरून, टपावरून, मागे उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या अंगावर गेली. मग सुईने जेटाचं तोंड खाली वळवलं. आता बरोबर वायपरच्या वाटेत पडतं.

माझा जुना पंप पिशवीत होता. तोही त्याने बल्बच्या जागी लावून पाहिला. उत्तम फिरला. बिचारा निर्दोष होता.

चहा आला तेव्हा मी विषय काढला. सरळ सांगितलं, की बाबा, सातवीत तू मला सायकलच्या डायनॅमोचं विचारलं होतंस, दुसरी वायर कुठे असते म्हणून, आणि मी तुला बाकावर उभं केलं होतं. मला उत्तर येत नव्हतं. चूक माझी होती.

तो वायर गुंडाळत होता. क्षणभर थांबला, आठवून पाहिलं, आणि मोकळेपणाने हसला.

"आसं झालतं का? मला तर ध्यानातबी नाही सर. तुमी लई मारायचे. कोनकोनतं ध्यानात ठिवावं?"

मी इतकी वर्षं मनात ठेवलेली ती एक गोष्ट त्याच्या हिशेबी कुठे नव्हतीच. आणि ज्या गोष्टी त्याच्या हिशेबी होत्या, त्यातली एकही मला आठवत नव्हती. माफी मागायला गेलो तर खातं भलतंच निघालं. मी चहा संपवला. तो चांगला होता, साखर जरा जास्त.

पैसे घ्यायला तो तयार नव्हता. "सरकून पैसे घिऊ का?" मी म्हणालो, आज तू शिकवलंस, फी घे. बऱ्याच ओढाताणीनंतर त्याने पन्नास रुपये घेतले, बोहनी म्हणून कपाळाला लावले आणि गल्ल्यात टाकले. निघताना पाहिलं, त्याच्याकडे शिकणारं पोर एका जीपचा हॉर्न उपसत होतं. हा लांबूनच ओरडला, "हॉर्न नको काढू रे, आदी अर्थिंग बघ!" पोराने विचारलं, "कामून?" तो उठून त्याच्याजवळ गेला आणि बल्ब हातात देऊन दाखवायला लागला. मी गाडी सुरू करायला जरा उशीरच केला.

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. रात्री गाडी चालवणं मी बंद केलं आहे, हा हिचा हुकूम, आणि त्यावर अपील नाही. दिवसा मात्र हिंगोली-नांदेड चालू आहे. पंप एकदाही रुसला नाही. दर दिवाळीला तो स्क्रू काढतो, घासतो, ग्रीस लावून परत बसवतो. लक्ष्मीपूजनाआधीची आमची खास पूजा समजा.

मागच्या दिवाळीत पुण्याचा नातू आला होता. सातवीतच आहे. मी भंगारवाल्याकडून एक जुना डायनॅमो आणि दिवा आणून ठेवला होता. माझी सायकल अंगणात उलटी ठेवली, डायनॅमो टायरला टेकवला आणि त्याला पॅडल मारायला सांगितलं. दिवा लागला. मी काहीच बोललो नाही, बाजल्यावर बसून राहिलो. त्याने बराच वेळ पॅडल मारलं, मग थांबला, वाकून दिव्याच्या मागे पाहिलं, डायनॅमोच्या खाली पाहिलं.

"आबा, याला एकच वायर आहे. दुसरी कुठंय?"

मी म्हणालो, "चल, शोधू."

ता. क. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी. वॉशर बंद पडला तर आधी कान द्या. मोटरचा आवाज खणखणीत आणि पाणी नाही, तर जेट, नळी, टाकी बघा, आणि पंप नुकताच बदलला असेल तर पिना उलट्या नाहीत ना तेही. आवाज मेलेला किंवा नाहीच, तर फ्यूज आणि अर्थिंग बघा, आणि मीटरने नव्हे, बल्बने बघा. टाकी रिकामी असताना बटण दाबत राहू नका. आतलं पाणीच पंपाला थंड ठेवतं, कोरडा फिरवला तर तो खरंच जळतो. बोअरचं पाणी घालू नका, गाळलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं घाला. आणि काचेवर चिखल उडाला की आधी पाणी, मग वायपर. पाणी नसेल तर बाजूला थांबा. बाटलीतलं पाणी पिण्याइतकंच काच धुवायलाही चांगलं असतं, हे आमच्या हिचं वाक्य आहे, माझं नाही.